भर उन्हाळ्यातली बाग आणि तिथले पाहुणे: नवख्यांसाठी कामाचा क्रम

भर उन्हाळ्यात नवख्या माणसाची बाग जास्त करून अतिकाळजीने मरते. दुपारी झाडाने मान टाकली की पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी, पान पिवळं दिसलं की खत, अळी दिसली की फवारा, आणि काहीच लागू पडत नाही म्हटल्यावर कुंडी बदलून बघायची. यातलं बरंचसं पावसाळ्यात खपून जातं. पारा चाळिशीला टेकलेला असताना खपत नाही. या दिवसांत झाड वाढीचं काम बाजूला ठेवून तगून राहायच्या मागे असतं. बागेत येणारे पक्षी, सरडे, मधमाश्याही त्याच खटपटीत असतात. म्हणून खालचा क्रम बाग वाढवण्याचा नाही, ती पहिल्या पावसापर्यंत सांभाळून नेण्याचा आहे. गॅलरीतल्या दहा कुंड्या असोत की अंगणातला लहानसा तुकडा, क्रम तोच.

पायरी १: एक दिवस नुसतं बघा

काहीही विकत आणण्याआधी किंवा हलवण्याआधी सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळा बागेत चक्कर मारा. कोणत्या कुंडीवर ऊन कधी येतं आणि कधी जातं, एवढंच टिपून ठेवा. सकाळचं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. खरा त्रास दुपारी दोननंतरच्या पश्चिमेच्या उन्हाचा, आणि त्याहून जास्त त्या उन्हाने तापलेल्या भिंतीचा. सूर्य मावळल्यावरही भिंत बराच वेळ उष्णता सोडत राहते, त्यामुळे तिला टेकून ठेवलेल्या कुंडीला रात्रीसुद्धा उसंत मिळत नाही. हात लावून बघा, लगेच कळेल.

याच फेऱ्यांमध्ये कोण येतं-जातं तेही बघा. बुलबुल एकाच झुडपात सारखा शिरतोय का? सरड्याची ठरलेली जागा कुठली? मुंग्यांची रांग कोणत्या झाडावर चढते? पुढच्या पायऱ्यांमध्ये ही माहिती लागणार आहे.

पायरी २: सावली करा, पण कोंडू नका

हिरवी किंवा काळी शेडनेट ५० टक्के सावलीची घ्यावी. ७५ टक्क्यांची जाळी घरातल्या सावलीच्या झाडांना ठीक, फुलझाडांना ती जास्त होते आणि फुलं रोडावतात. जाळी झाडांच्या शेंड्यांपासून निदान दोन फूट वर असावी. झाडांवर थेट टाकलेल्या जाळीखाली हवा कोंडते आणि जिथे जाळी पानांना टेकते तिथे पानं करपतात. पश्चिमेची बाजू झाका, पूर्वेची मोकळी ठेवा.

जाळीची सुटी टोकं लोंबू देऊ नका. ती ताणून, नीट बांधून घ्या. सैल जाळीत चिमण्यांचे पाय अडकतात, सरडे आणि साप गुरफटून मरतात. जमिनीलगत जाळी सोडायचीच असेल तर खाली वीतभर जागा मोकळी ठेवा.

जाळी नसली तरी बरंच काही करता येतं. मोठ्या कुंड्या पश्चिमेला, लहान त्यांच्या आडोशाला असा घोळका करा. एकमेकांजवळ ठेवलेल्या झाडांभोवतीची हवा थोडी दमट राहते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांकडे जरा जास्त लक्ष द्या: ऊन थेट कुंडीच्या अंगावर पडलं की आतली माती कडेने तापते आणि नेमकी तिथेच कोवळी मुळं असतात. अशी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा किंवा भोवती गोणपाट गुंडाळा. गच्चीवर असाल तर कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे तापलेल्या फरशीशी संबंध तुटतो.

सगळ्यांनाच सावली लागत नाही. बोगनवेल, कण्हेर, चाफा, सदाफुली, अडेनियम ही उन्हाचीच झाडं आहेत. बोगनवेलीला तर थोडी तहान लागल्याशिवाय नीट बहर येत नाही. मोगऱ्यालाही ऊन हवंच, फक्त त्याला पाणी कमी पडू देऊ नका. सावली हवी ती नेच्यांना, पातळ मोठ्या पानांच्या झाडांना, नुकत्याच लावलेल्या रोपांना आणि ज्यांची मुळं अजून पसरलेली नाहीत त्या सगळ्यांना.

पायरी ३: पाणी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

दुपारी पानं लोंबली म्हणजे माती कोरडी आहे असं नाही. कडक उन्हात पानांतून पाणी बाहेर पडण्याचा वेग मुळांच्या पाणी ओढण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. अशा वेळी झाड पानांवरची सूक्ष्म रंध्रं मिटून घेतं, पानं खाली सोडतं आणि उन्हाला कमी सामोरं जातं. भोपळ्याच्या वेलीची मोठी पानं दुपारी अशी काही लोंबतात की वेल गेलीच असं वाटावं, आणि दिवेलागणीला ती पुन्हा ताठ झालेली असतात. म्हणून निर्णय दुपारी घेऊ नका, सकाळी घ्या. सकाळी उजाडल्यावरही झाड मलूल असेल तर मात्र काहीतरी बिनसलंय.

काय बिनसलंय ते बोटाने कळतं. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत खुपसा. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली आणि तरी झाड मलूल असेल, तर मुळं कुजायला लागली असण्याची शक्यता मोठी. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे ते झाड हातचं घालवणं. अशी कुंडी सावलीत न्या, खालची ताटली काढा, तळाची भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा आणि माती वाळू द्या. वरची माती पांढरी, भेगाळलेली दिसते म्हणून फसू नका. वरचा बोटभर थर उन्हाळ्यात काही तासांत सुकतो, खाली ओल असू शकते.

पाणी द्यायचं ते पहाटे किंवा सकाळी लवकर, म्हणजे दिवसभराची बेगमी होते. सकाळ जमत नसेल तर ऊन उतरल्यावर द्या, पण तेव्हा मुळाशीच द्या. रात्रभर ओली राहणारी पानं बुरशीला आमंत्रण देतात. भर दुपारी पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, असं सर्रास ऐकायला मिळतं. गुळगुळीत पानांच्या बाबतीत त्यात तथ्य नाही. दुपारी पाणी न देण्याचं साधं कारण असं की त्यातलं बरंचसं वाफ होऊन वाया जातं. दुसरं एक कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते कोणी सांगत नाही: उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत काढून घ्या, मग पाइप झाडाकडे वळवा.

रोज थोडं शिंपडण्यापेक्षा एकदाच भरपूर द्या. वरवर शिंपडलेलं पाणी वरच्याच थरात राहतं, मुळंही तिथेच घोटाळतात आणि तोच थर सगळ्यात आधी तापतो. कुंडीला तळाच्या भोकातून पाणी झिरपेपर्यंत द्या, मग पुढचं पाणी बोट कोरडं लागेल तेव्हाच. लहान कुंड्यांना ते रोज लागेल, काहींना दिवसातून दोनदाही. जमिनीतल्या मुरलेल्या झाडाला आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. त्याचं आळं खोडाला चिकटून नको. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास करा, कारण पाणी ओढणारी मुळं बहुतेक तिकडेच असतात.

एक प्रसंग हमखास येतो. दोन दिवस बाहेर गेलात, कुंडी पार वाळली, आता पाणी घातलं तर ते लगेच खालून बाहेर. वाटतं, भरपूर झालं. प्रत्यक्षात माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते आणि पाणी त्या फटीतून सरळ निसटतं, मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या मातीत हे फार होतं. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या बादलीत किंवा टबात काठापर्यंत बुडवा. आधी जोरात बुडबुडे येतील, मग कमी होत थांबतील. ते थांबले की काढा, निथळू द्या, सावलीत ठेवा. उचलून बघा: भिजलेली आणि कोरडी कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला एकदा समजला की बोट खुपसायचीही गरज राहत नाही.

पायरी ४: माती झाकून टाका

उघडी माती उन्हाळ्यात ठेवू नये. वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, वाळकं गवत, जे हाताशी असेल त्याचा ५ ते ७ सेंटिमीटरचा थर मातीवर पसरा. खोडाभोवती दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते. आधी पाणी द्या, मग झाका. कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर ती कोरडीच राहते.

या थराखाली एक वेगळीच वस्ती असते. गोमी, कोळी, ढालकिडे दिवसभर तिथे दबून असतात. टोड जातीचे बेडूक ओलसर मातीत स्वतःला गाडून घेऊन कोरडे दिवस काढतात. कुंडीच्या खालची जागा खणताना एखादा निघाला तर तो मेलेला समजून फेकू नका, पुन्हा ओल्या मातीत सोडून वर पाचोळा टाका. गांडुळं दिसेनाशी झाली तरी काळजी नको, ती खाली गेलेली असतात. गोगलगायींचं मात्र उलट आहे. त्या कुंड्यांच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या सांध्यात शंखाचं तोंड पांढऱ्या पातळ पडद्याने बंद करून झोपलेल्या असतात. पाऊस पडला की याच उठून रात्रीत रोपं फस्त करतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायींचा उपद्रव असेल तर त्या वेचून काढायला याहून सोयीची वेळ नाही, कारण त्या पळत नाहीत आणि एकेका सांध्यात गठ्ठ्याने सापडतात. हातमोजे घाला, उघड्या हाताने धरू नका. त्यांच्यातून माणसाला जंतांचा संसर्ग होऊ शकतो.

पायरी ५: हात आवरा

रासायनिक खत बंद. कोरड्या, तापलेल्या मातीत खताचे क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं आणखी अवघड होतं आणि पानांच्या कडा जळतात. फारच वाटलं तर मूठभर गांडूळखत मातीत मिसळा आणि पाणी द्या.

मोठी छाटणी बंद. करपलेलं पान कुरूप दिसतं, पण ते खालच्या पानांना सावली देत असतं. राहू द्या. पूर्ण वाळलेली काडी फक्त काढा.

कुंडी बदलणं, नवीन रोप जमिनीत लावणं, मुळं मोकळी करणं हे सगळं पावसानंतर. रोपवाटिकेतून मोह अनावर होऊन काही आणलंच, तर ते त्याच पिशवीत सावलीत ठेवा आणि पाणी देत राहा.

टोमॅटोसारख्या झाडांची फुलं गळत असतील तर खताने ती थांबणार नाहीत. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. हवा उतरल्यावर आपोआप धरतं.

पायरी ६: पाहुण्यांसाठी पाणी

पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि गळ्याची कातडी फडफडवणं हा त्यांचा थंड होण्याचा मुख्य मार्ग, आणि त्यात शरीरातलं पाणी खर्च होतं. दुपारी चोच वासून बसलेला कावळा दिसतो तो यामुळेच.

मातीचं पसरट भांडं घ्या. खोली ३ ते ५ सेंटिमीटर पुरे. धातूचं तापतं, काचेचं आणि प्लॅस्टिकचं निसरडं असतं. मधोमध एक-दोन खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्यांना उभं राहता येतं. जागा सावलीची, जमिनीपासून उंच, आणि झुडपापासून सहा-सात फुटांवर. अगदी झुडपाला लागून ठेवलंत तर मांजराला दबा धरायला सोय होते. फार उघड्यावर ठेवलंत तर पक्षी बिचकतात. लगेच कोणी आलं नाही म्हणून रोज जागा बदलू नका. एकदा साळुंकीने शोधलं की बाकीचे मागोमाग येतात.

पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी भांडं काथ्याने घासून उन्हात वाळवा. साबण नको. डासांची भीती बाळगून लोक भांडंच ठेवत नाहीत, पण अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला गरम हवेतही आठवडाभर लागतो. रोज पाणी ओतून टाकणाऱ्याच्या भांड्यात डास होत नाहीत. ते कुंड्यांखालच्या ताटल्यांत होतात. त्या ओता.

मधमाश्यांसाठी वेगळी, अगदी उथळ ताटली ठेवा. तिच्यात खडे भरून खड्यांची डोकी वर राहतील इतकंच पाणी घाला. माश्या ते पाणी नुसतं पीत नाहीत, पोळ्यात वाहून नेतात, तिथे पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पिल्लांच्या जागेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास राखायची ही त्यांची तऱ्हा. पाण्यात साखर घालायचा सल्ला कुणी दिला तर मनावर घेऊ नका. साखरपाणी आंबतं, मुंग्या येतात, आणि शेजारच्या पोळ्यांतल्या माश्यांची तिथे मारामारी होते.

आणखी एक काम पाच मिनिटांचं आहे आणि जवळपास सगळे विसरतात. उघडे पिंप, टाक्या, अर्धवट भरलेल्या बादल्या झाका. झाकता येत नसतील तर आत एक खडबडीत फळी तिरकी लावून ठेवा. तहानेने आलेल्या खारी आणि सरडे आत पडतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर येता येत नाही.

पायरी ७: फवारणीआधी ओळख करून घ्या

बागेतला प्रत्येक किडा शत्रू नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण नेमका कोणता नाही हे माहीत नसतं. उन्हाळ्यात हमखास दिसणारे काही.

*कढीपत्ता किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याची वाळकी शीट.* जवळून बघा, ती हलते का. काळपट अंगावर पांढरा डाग असलेली ही फुलपाखराची लहान अळी असते आणि शिटेचं सोंग घेऊनच ती पक्ष्यांपासून वाचते. त्याच फांदीच्या कोवळ्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढी, गोल, फिकट पिवळी अंडी सुटी सुटी सापडतील. अळी कात टाकत मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी-लाल, दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका, ती चावत नाही. पुढे ती फांदीला रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला बांधून कोश करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं महिन्याभरात आटपतं. झाड मोठं असेल तर अळ्यांनी खाल्लेली पानं ते पावसात भरून काढतं. झाड वीतभरच असेल तर अळी पानासकट उचलून मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर ठेवा. दोन्ही झाडं एकाच कुळातली, तिला चालतात. गुलाबावर किंवा जास्वंदावर ठेवलीत तर उपाशी मरेल. कण्हेरीच्या पानांखाली आरशासारखा चकाकणारा रुपेरी कोश लटकलेला दिसला तर तो काळपट तपकिरी फुलपाखराचा, तोही तसाच राहू द्या.

*जास्वंदावर पांढरा कापूस.* हा पिठ्या ढेकूण. शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत गर्दी करतो, रस शोषतो आणि गोड चिकट द्रव सोडतो. त्या द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात, म्हणून मुंग्यांची रांग जिथे चढते तिथे आधी बघा. थोडा असेल तर ओल्या कापडाने पुसून काढा, शेंडा पाण्याच्या धारेने धुवा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब सौम्य साबण, संध्याकाळी ऊन पूर्ण उतरल्यावर. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. उन्हात मारलेलं तेल पान भाजून काढतं.

आता यातली फसगत. त्या पांढऱ्या घोळक्यात एखादा किडा बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा, अंगावर लांब मेणचट झालरी असलेला आणि लगबगीने फिरणारा दिसला, तर तो ढेकूण नव्हे. ती ढेकणांवर जगणाऱ्या एका ढालकिड्याची अळी आहे. त्यांच्यासारखाच वेष घेऊन ती त्यांनाच खात फिरते. हा ढालकिडा मूळ ऑस्ट्रेलियातला, आणि ढेकणांच्या बंदोबस्तासाठी माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो मुद्दाम देशोदेशी नेला. अशी अळी दिसली की निंबोळी तेलाची बाटली परत ठेवा आणि फक्त मुंग्यांचा रस्ता तोडा. मुंग्या नसल्या की अळीचं काम सोपं होतं.

*पानं फिकट, बारीक ठिपक्यांची, मागे तलम जाळं.* लाल कोळी, म्हणजे कणाएवढी बारीक माइट. कोरडी, गरम हवा ही त्याची पर्वणी. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावरचे कण चालायला लागले तर निदान पक्कं. औषध मारण्याआधी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याची जोरदार धार द्या, एक दिवसाआड, तीन-चार वेळा. कीटकनाशकं इथे बऱ्याचदा उलटतात, कारण कोळ्याला खाणारे जीव आधी मरतात.

*गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापावेत तसे अर्धगोल तुकडे गायब.* हा रोग नाही आणि अळीही नाही. पानं कापणारी एक एकांडी मधमाशी ते तुकडे गुंडाळून पोकळ काडीत पिल्लांच्या खोल्या बांधते. झाडाचं काही बिघडत नाही, फवारून उपयोगही नाही, कारण ती पान खातच नाही.

*मावा, पण त्यात काही फुगलेले, तपकिरी, निश्चल.* त्यांच्या आत एका सूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढते आहे किंवा ती भोक पाडून निघून गेली आहे. ते पान तोडू नका. तिथून निघालेल्या माश्या उरलेला मावा निपटतील.

काळा, गुणगुणणारा मोठा भुंगा दिसला की लोक झाडू घेऊन धावतात. वांग्या-टोमॅटोच्या फुलांत पराग बंद नळीत असतात आणि फूल विशिष्ट थरथरीने हलवल्याशिवाय ते नीट बाहेर पडत नाहीत. ही थरथर भुंग्याला जमते, साध्या मधमाशीला जमत नाही. तो आपणहून अंगावर येत नाही. घराचं लाकूड पोखरत असेल तर तेवढं भोक तो बाहेर असताना बुजवा, आणि बागेच्या कोपऱ्यात वाळका बांबू ठेवून द्या.

पायरी ८: घरटं, पिल्लू, सरपटणारे

दाट झुडूप कापण्याआधी आत बघा. बुलबुलाचं वाटीसारखं घरटं खांद्याच्या उंचीवरही असतं. शिंजिराचं लोंबतं घरटं तर कोळिष्टकं आणि कचरा अडकल्यासारखं दिसतं आणि झाडलोटीत सहज काढून टाकलं जातं. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडांना भोकं पाडून धाग्याने शिवतो आणि त्या द्रोणात घर करतो. गुंडाळलेलं पान कीड म्हणून तोडण्याआधी उलटून बघा. या लहान पक्ष्यांचा अंडी ते उडणं हा सगळा कारभार साधारण महिन्याभरात संपतो. तेवढे दिवस ती फांदी आणि तिच्यावरची सावली जागच्या जागी राहू द्या, आणि तुमचं फोटो काढणं थांबवा.

पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर फुदकताना सापडलं तर ते बहुधा उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात. मांजराच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, हा समज खोटा आहे. उन्हाने कोसळलेला पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या थंड जागी ठेवा, शेजारी उथळ झाकणात पाणी. सावरला की संध्याकाळच्या आत सोडा. जखमी असेल तर जाणकाराकडे न्या.

सापसुरळीबद्दल दोन शब्द. तिच्या चकचकीत अंगामुळे आणि नावातल्या सापामुळे ती विषारी ठरवून मारली जाते. ती विषारी नाही. पाल आणि सरडाही नाहीत. तिघंही दिवस-रात्र तुमची कीड खातात. एवढ्या फुकट आणि अचूक फवारणीला आपण झाडूने हाकलतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

साप आणि विंचू यांची गोष्ट वेगळी. गारव्यासाठी तेही कुंड्यांच्या मागे, विटांच्या ढिगात येतात. रिकाम्या कुंड्या, फळ्या, पोती यांचा ढीग घराच्या दाराशी नको. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवा, कुंडी उचलताना तिची उघडी होणारी बाजू स्वतःकडे ठेवू नका, अंधारात पाणी द्यायला जाताना बूट आणि विजेरी. साप दिसला तर मागे सरा, वाट मोकळी ठेवा, पकडायचं काम सर्पमित्रावर सोपवा.

पायरी ९: रात्रीचे दिवे आणि पहिला पाऊस

उकाड्यात बागेचं निम्मं कामकाज रात्री चालतं. रातराणी, मोगरा अशी पांढरी सुवासिक फुलं पतंगांसाठी उमललेली असतात. बागेतला झगझगीत दिवा रात्रभर जळत असेल तर पतंग फुलं सोडून त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतात. दिवा गरजेपुरता लावा, पिवळसर आणि खाली वळवलेला.

ढग जमायला लागले की कामांची उजळणी सुरू करा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा, कुंड्यांची भोकं तपासा, खोडाजवळ सरकलेलं आच्छादन मागे ओढा. शेडनेट मात्र पहिल्या सरीबरोबर उतरवू नका. एक पाऊस पडून पुन्हा आठ दिवस कडक ऊन पडणं नेहमीचं आहे, आणि सावलीला सरावलेली पानं त्या उन्हात एका दुपारीत पांढरी पडतात. सलग ढगाळ दिवस बघून आधी दुपारनंतरची बाजू अर्धी उघडा, चार-पाच दिवसांनी पूर्ण काढा. जाळीच्या घड्या घालण्याआधी आतून एकदा बघा, तिच्यात कोश चिकटलेले असतात. ते हलकेच सोडवून एखाद्या झुडपात खोचून ठेवा. खत, छाटणी आणि नव्या कुंड्या यांना दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर हात घाला, आणि छाटणीला जाताना घरटं रिकामं झालंय ना, ते आधी बघा.